तिळवाल्या पेरिकोच्या तीन तबकड्या

परमुलखातील संगीत आपल्या कानी येते ते बहुधा त्याच्या सर्वांत उथळ रूपात. स्पेनचे नाव निघाले की आपल्या डोळ्यांपुढे लाल घेरदार झगा, हातातला पंखा आणि टाचांचा खडखडाट उभा राहतो. मागे कोणी तरी गिटार झोडपीत असतो आणि या सगळ्या गलबल्याला आपण 'फ्लामेंको' असे नाव देऊन मोकळे होतो. तेवढ्यावरून त्या कलेची पारख करणे म्हणजे लावणीच्या एका चित्रपटी ठुमक्यावरून आपल्या साऱ्या संगीताची परीक्षा करण्यासारखे आहे. फ्लामेंकोची अंगे तीन : गाणे, नाच आणि गिटार. अंदालुसियाचे लोक त्यांना कांते, बाइले आणि तोके म्हणतात. त्यांतले मूळ अंग गाणे होय. गळा पुढे आणि बाकी सारे त्याच्या मागे, असा तेथील जाणत्यांचा निवाडा आहे. हा निवाडा अंदालुसियाबाहेरच्या श्रोत्यांना समजावून देण्याचे काम ज्या एका संग्रहाने केले, त्याविषयी आज चार शब्द लिहिण्याचे आम्ही योजिले आहे. विषय दूरदेशीचा खरा. परंतु त्यातून निघणारा प्रश्न आपल्या उंबरठ्याच्या आतला आहे.

या संग्रहाचे नाव 'आंतोलोहिया देल कांते फ्लामेंको'. तीन लाँग प्ले तबकड्यांचा हा संच १९५४ साली प्रथम निघाला तो फ्रान्समध्ये, द्युक्रेते-थॉमसन या कंपनीकडून. तेथे ध्वनिमुद्रिकांसाठी दिला जाणारा मानाचा पुरस्कारही त्याला मिळाला. खुद्द स्पेनमध्ये तो इस्पाव्होक्स या कंपनीने बाजारात आणला, तो १९५८ साली. घरच्या धन्याला आपल्या गाठोड्यातले रत्न शेजाऱ्याने दाखवावे, तसा हा प्रकार झाला. संचासोबत तोमास आंद्रादे दे सिल्वा यांनी लिहिलेली माहितीपुस्तिका होती. गीतप्रकारांची कुळे पाडून, कोणते गाणे कोणत्या घराण्यातले, कशाला साथ हवी आणि काय साथीवाचून गावयाचे, असा क्रम लावून सारी मांडणी केली होती. श्रोत्याला हाताशी धरून एकेक दालन दाखवावे अशी ही योजना होती, आणि नवख्या माणसासाठी इतकी शिस्तवार वाट त्यापूर्वी कोणी घालून दिली नव्हती.

ही वाट घालून देणारा मनुष्य गायक नव्हता, पंडित नव्हता, प्राध्यापकही नव्हता. तो साथीदार होता. पेरिको एल देल लुनार, म्हणजे शब्दशः 'तिळवाला पेरिको'. हेरेस गावी १८९४ साली जन्मलेला हा गिटारवादक, आयुष्यभर गवयांच्या डाव्या-उजव्या बाजूला बसून त्यांचा श्वास ओळखीत आला. हेरेसचाच थोर गायक दोन आंतोनियो चाकोन (१८६९-१९२९) यांच्या अखेरच्या काळात त्यांच्या साथीला पेरिको असे. 'दोन' ही आदरार्थी उपाधी फ्लामेंको गाणाऱ्यांच्या वाट्याला क्वचितच येई. चाकोनला ती लोकांनी आपखुशीने दिली. अशा माणसाच्या शेजारी बसून जे कानात साठले, ते पेरिकोने विसरू दिले नाही. पुढे संग्रहाची वेळ आली तेव्हा जी जुनी गाणी प्रचारातून उठत चालली होती, ती त्याने आपल्या आठवणीतून काढून गायकांना सांगितली, त्यांच्याकडून बसवून घेतली आणि मगच तबकडीवर चढविली. आपल्याकडे सारंगियाच्या पोटात किती चिजा असत हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना याचे नवल वाटणार नाही. गवई आपल्या आवडीचे गातो. साथीदाराला सगळ्यांचे ऐकावे लागते.

गायकांची नावेही मोठी गमतीची आहेत. पेपे एल दे ला मात्रोना म्हणजे 'सुइणीचा पेपे'; बेर्नार्दो एल दे लोस लोबितोस म्हणजे 'लांडग्याच्या पिलांचा बेर्नार्दो'. राफाएल रोमेरो याला 'कोंबडी' म्हणत. याखेरीज पेरिकोन दे कादिस, निन्यो दे आल्मादेन, हार्रितो, एल चाकेता असे कित्येक. पेपे आणि बेर्नार्दो हे दोघेही १८८७ सालचे. मुद्रणसमयी त्यांनी पासष्टी ओलांडली होती. म्हणजे एकोणिसाव्या शतकातल्या गायकांना ज्यांनी प्रत्यक्ष ऐकले, अशांपैकी शेवटची जी काही माणसे उरली होती, त्यांतली काही या तबकड्यांवर आहेत. दहा वर्षे उशीर झाला असता तर संग्रह निघालाही असता, पण तो हा संग्रह नसता.

इतक्या निकडीची वेळ का आली, हे समजण्यासाठी थोडे मागे गेले पाहिजे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सेव्हिल, कादिस, हेरेस या भागांत 'काफे कांतांते' नावाची गाण्याची उपाहारगृहे निघाली. घरगुती मैफलीतले गाणे तेथे पोटापाण्याचा व्यवसाय झाले. सिल्व्हेरियो फ्रांकोनेत्ती हा त्या काळचा अग्रणी. त्याने सेव्हिलमध्ये स्वतःचेच काफे काढले होते. तो १८८९ साली वारला आणि त्याचा आवाज कोठेही उमटून राहिला नाही. पुढे काफे मागे पडली. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या पंचविशीत 'ऑपेरा फ्लामेंका' या भारदस्त नावाखाली नाटकगृहांतून आणि बैलझुंजीच्या रिंगणांतून हजारोंच्या जमावापुढे गाणे होऊ लागले. जमावाला गोड आणि हलके हवे असते. साहजिकच फांदांगोसारख्या सोप्या चालींना पेव फुटले आणि कठीण, उग्र, जुने प्रकार कोपऱ्यात गेले.

हा ऱ्हास ओळखून पहिली हाक दिली ती संगीतकार मान्युएल दे फाय्या यांनी. तरुण कवी फेदेरिको गार्सिया लोर्का त्यांच्या जोडीला होता. १९२२ सालच्या जूनच्या १३ व १४ तारखांना ग्रानादा येथे, आलांब्राच्या प्राकारातील चौकात त्यांनी 'कांते होंदो'ची, म्हणजे खोल गाण्याची स्पर्धा भरविली. हेतू उदात्त होता. परंतु बाजाराने कला नासविली, तेव्हा बाजारातल्या माणसांना दूर ठेवले की ती शुद्ध होईल, अशी त्यांची समजूत होती. म्हणून २१ वर्षांवरील व्यावसायिक गायकांना स्पर्धेत मज्जाव होता. परिणाम असा झाला की चाकोनसारखे श्रेष्ठ गायक परीक्षकांच्या खुर्चीवर बसले आणि खेड्यापाड्यांत दडलेले जे अज्ञात गायक पुढे येतील अशी अपेक्षा होती, ते फारसे आलेच नाहीत. ज्यांची नावे गाजली ते दोघे : तियेंपो गेलेला, सत्तरी उलटलेला दियेगो बेर्मुदेस 'एल तेनासास' आणि बारा वर्षांचा एक मुलगा, मानोलो काराकोल. हा मुलगा पुढे त्या युगाचा अतिशय लोकप्रिय व्यावसायिक गायक झाला, हे आयोजकांच्या सिद्धांताला काळाने दिलेले उत्तरच म्हणावे लागेल.

ग्रानादाचे थोर लोक 'लोक' नावाच्या एका कल्पित मूर्तीच्या शोधात होते. तिळवाला पेरिको मात्र ओळखीच्या माणसांकडे गेला. त्याला ठाऊक होते की अशी कला शेतात आपोआप उगवत नाही; ती धंदा म्हणून गाणाऱ्या, रात्र रात्र जागणाऱ्या, हौशी धनिकांच्या बैठकीत ताटकळणाऱ्या माणसांच्या गळ्यांतून वाहत येते. कलेचे शील बिघडविणारा बाजार आणि कला जगविणारा कारागीर या दोन गोष्टी एक नव्हेत. ग्रानादाचा उत्सव दोन रात्रींत संपला. पेरिकोच्या तबकड्या आजही फिरत आहेत. शिष्टांचा उमाळा आणि कारागिराची स्मृती यांत टिकाऊ काय, याचा हा एक वस्तुपाठ आहे.

आता प्रत्यक्ष ऐकण्याविषयी. आमची वाचकांस सूचना अशी की प्रारंभ साथीवाचूनच्या गाण्यापासून करावा. 'तोना' आणि 'मार्तिनेते' यांना गिटारही नसते. मार्तिनेते ही लोहारशाळेची गाणी; त्यांत पुष्कळदा ऐरणीवर पडणाऱ्या हातोड्याचा ठोका तेवढा ऐकू येतो. येथे सुरेलपणाची आपली नेहमीची अपेक्षा बाजूला ठेवावी. आवाज चिरलेला, खरखरीत असतो. तो दोष नसून तेथील रसिकांना हवा असलेला गुणच आहे. त्यानंतर 'सोलेआ' आणि 'सिगिरिया' घ्यावेत. पदे ओवीएवढी लहान, तीन-चार ओळींची. पण एकेका अक्षरावर गायक इतका रेंगाळतो की शब्द विरघळून जातो आणि वेदना तेवढी उरते. आपल्या कानाला येथे एक ओळखीची खूण सापडेल. या गाण्यांचा सूरसमूह पुष्कळसा भैरवीचा आहे : रिषभ, गांधार, धैवत, निषाद कोमल. मध्यमावरून गांधार, मग कोमल रिषभ आणि शेवटी षड्ज, अशी पायरी-पायरीने होणारी उतरण ही फ्लामेंकोची जणू स्वाक्षरीच आहे. गिटार मात्र षड्जावर विसावताना शुद्ध गांधाराचा स्पर्श करते आणि भैरवीच्या सवयीच्या कानाला एकदम ठेच लागते. ती ठेच लागली की समजावे, आपण अंदालुसियात पोहोचलो.

लयीचेही तसेच. सोलेआ आणि बुलेरिया यांचे आवर्तन बारा मात्रांचे. बारा म्हटले की आपण एकतालाची बोटे मोजू लागतो, पण येथे आघात पडतात ते तिसऱ्या, सहाव्या, आठव्या, दहाव्या आणि बाराव्या मात्रेवर. आधी तिनांचे दोन आणि मग दोनांचे तीन असे हे वळण हातावर टाळी देऊन चार वेळा घोटले की अंगवळणी पडते. मध्ये मध्ये भोवतालची मंडळी 'ओले' म्हणून दाद देतात, तिला अडथळा समजू नये. आपल्या मैफलीतली 'वाहवा' जशी गाण्याचाच भाग असते, तशीच ती आहे.

येथे एक मोह आवरला पाहिजे. भैरवीचे सूर आणि बारा मात्रा दिसल्या की 'हे मूळ आपलेच' असे म्हणण्याची आपणांस घाई होते. या घाईला थोडासा आधार आहे, हे खरे. फ्लामेंको घडविण्यात ज्यांचा मोठा वाटा, त्या स्पेनमधील जिप्सींचे पूर्वज हिंदुस्थानातून गेले, हे भाषाशास्त्राने निःसंशय ठरविले आहे. १४२५ साली आरागोनच्या राजाने त्यांच्या एका म्होरक्याला दिलेला प्रवासाचा परवाना हा स्पेनमधील त्यांच्या आगमनाचा पहिला लेखी पुरावा. त्यांच्या बोलीला 'कालो' म्हणतात आणि त्या शब्दाच्या मुळाशी आपला 'काळा' आहे; त्या बोलीत पाण्याला 'पान्यी' म्हणतात. हजारो मैलांवर आपलाच शब्द भेटावा, याने कोणाचेही मन हलेल. तथापि भाषा प्रवास करते तसे गाणे करतेच असे नाही. युरोपभर जिप्सी पसरले. हंगेरीत त्यांचे संगीत निराळे, रशियात निराळे. फ्लामेंको झाले ते अंदालुसियातच. तेथली लोकगीते, अरबी अमदानीचा वारसा, बंदरांतून आलेली अमेरिकेची लय आणि जिप्सींचा गळा यांच्या मिश्रणातून, मुख्यतः अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत ते आकारास आले. आणि ते आकारास येत असताना जिप्सींनी काय सोसले? १७४९ सालच्या जुलैत राजाज्ञेने देशभरातील जिप्सींना, बायकामुलांसकट, एकाच वेळी पकडून हजारोंच्या संख्येने तुरुंगांत, गोद्यांत आणि आश्रमांत कोंडण्यात आले. त्या वेळी आपण त्यांचे कोणी नव्हतो. दुःख त्यांचे, गाणेही त्यांचे. नाते सांगावयाचे ते नम्रपणे सांगावे.

संग्रहाचा परिणाम लवकरच दिसला. १९५४ सालीच माद्रिदमध्ये 'सांब्रा' नावाचे गायनगृह निघाले आणि संग्रहातील कित्येक गायक तेथे रोज गाऊ लागले. गिटारीवर अर्थात पेरिको. १९५६ साली कॉर्दोबा येथे राष्ट्रीय स्पर्धा झाली आणि तीत व्यावसायिकांना बंदी नव्हती. फोस्फोरितो हा तरुण तिचा मानकरी ठरला. विस्मृतीतले गीतप्रकार पुन्हा शिकले जाऊ लागले. शिकणाऱ्यांचे पाठ्यपुस्तक पुष्कळदा याच तीन तबकड्या असत.

परंतु ज्याची स्तुती करावयाची त्याचे न्यून झाकून ठेवणे हा संपादकाचा धर्म नव्हे. कोणताही संग्रह हा एक पक्ष असतो. पेरिकोचा कान चाकोनच्या परंपरेत मुरलेला. म्हणून त्या परंपरेचा ठसा येथे ठळक आहे. शतकाची श्रेष्ठ गायिका पास्तोरा पाव्होन, जिला 'निन्या दे लोस पेइनेस' म्हणत, ती यात नाही. तिचा भाऊ तोमास १९५२ सालीच निवर्तला होता. एकूणच स्त्रियांचा आवाज नाममात्र आहे. आंतोनियो माइरेना नाही, काराकोल नाही. त्यामुळे उत्तरेही आली. काराकोलने १९५८ साली आपल्या गळ्यातून स्वतःचा इतिहास सांगणारा संग्रह काढला. माइरेनाने १९६६ साली जिप्सी परंपरेची बाजू मांडणाऱ्या तीन तबकड्या दिल्या. १९६८ साली लेखक काबाय्येरो बोनाल्द यांनी मुद्रणयंत्र घेऊन अंदालुसियातील घरे आणि गुत्ते गाठले आणि रंगमंचाची पायरी न चढलेल्या वृद्धांचे आवाज टिपले. १९८२ साली होसे ब्लास वेगा यांनी वीस तबकड्यांचा महासंग्रह सिद्ध केला. पहिल्या संग्रहाचे खरे यश हेच की त्याच्याशी भांडावे असे पुढच्यांना वाटले. २०१० साली युनेस्कोने फ्लामेंकोला मानवजातीच्या अमूर्त वारशात स्थान दिले. तो मान या सगळ्या भांडणाऱ्यांचा मिळून आहे.

दुसरा धोका अधिक सूक्ष्म. गायक गातो तेव्हा गाणे बदलते. तबकडीवर ते थिजते. मग शिष्य तबकडीची नक्कल करू लागतो आणि एका रात्रीची एका माणसाची लहर हा नियम होऊन बसतो. संग्रह ही कलेची वेस आहे, गाव नव्हे. १९७९ साली कामारोन दे ला इस्ला याने नव्या वाद्यांसह 'ला लेयेंदा देल तियेंपो' ही तबकडी काढली तेव्हा सोवळ्या मंडळींनी नाके मुरडली. आज तीही परंपरेचाच भाग मानली जाते. वेशीवर थांबून राहणाऱ्याला गाव कधीच दिसत नाही.

आता घरच्या प्रश्नाकडे वळू. १८६९ साली हेरेसला चाकोन जन्मला. त्याच साली आपल्याकडे भास्करबुवा बखले जन्मले. बुवांची तालीम बडोद्यास फैजमहंमद खाँसाहेबांकडे झाली, हे या शहरातील जुन्या घरांस सांगावयास नको. ग्रानादाची स्पर्धा भरली त्या १९२२ सालच्या एप्रिलात बुवा निवर्तले. चाकोनचा आवाज जुन्या ध्वनिमुद्रिकांवर आजही ऐकता येतो. बुवांचा आवाज उरला नाही. उरली ती शिष्यांची आठवण आणि सांगोवांगीच्या कथा. याच शहरात १८८६ साली मौलाबक्षांची गायनशाळा निघाली, याच शहरात १९१६ साली सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने आणि पंडित भातखंड्यांच्या पुढाकाराने पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली, याच शहराच्या दरबारात फैयाजखाँसाहेब गायले. शाळा, परिषद, राजाश्रय सारे काही होते. परंतु खासगी बैठकींत जे झाले त्यातले बरेचसे भिंतींनी ऐकले आणि भिंतीही आता पडत आहेत.

सगळेच गेले असे मात्र आम्हांस वाटत नाही. दांडिया बाजारातील आणि रावपुऱ्यातील कितीतरी घरांत माळ्यावरच्या ट्रंकेत अजून जुन्या तबकड्या, टेपची भेंडोळी आणि कॅसेटी पडून आहेत. गणेशोत्सवातले एखादे गाणे, कोणाच्या साठीशांतीची बैठक, आजोबांनी हौसेने केलेले एखादे मुद्रण. त्यांवर कोणाचे गाणे, कोणते साल, तबल्यावर कोण, पेटीवर कोण, हे लिहिलेले नसते. ज्यांना ठाऊक आहे ती माणसे ऐंशीच्या पुढे गेली आहेत. घर रिकामे करताना ट्रंक रद्दीवाल्याकडे जाते आणि नावनिशी नसलेला एक आवाज कायमचा मुका होतो. याला ना सरकार लागते, ना अनुदान. एका रविवारी ट्रंक खाली काढावी, घरातल्या सर्वांत वडील माणसाला शेजारी बसवावे, ते सांगतील ते कागदावर तारखेसह उतरावे आणि एक प्रत करून संगीत महाविद्यालयाकडे वा जाणत्या संग्राहकाकडे द्यावी. विशेषतः जुन्या साथीदारांना विचारावे. गवयांचे सत्कार आपण पुष्कळ केले. तबलजी, सारंगिये, पेटीवाले यांना कोणी विचारले नाही. आठवण बहुधा त्यांच्यापाशीच असते.

पेरिको १९६४ साली वारला. त्याने नवी गायकी निर्माण केली नाही, शास्त्र लिहिले नाही. जे ऐकले ते नीट ध्यानात ठेवले आणि वेळेवर कोणाच्या तरी स्वाधीन केले, एवढेच त्याचे कर्तृत्व. आपल्या शहरात अशा तिळवाल्या पेरिकोंची उणीव आहे असे आम्हांस वाटत नाही. त्यांच्या दारी जाऊन 'बाबा, सांगा' म्हणणाऱ्यांची आहे.